‘स्वखुशीने’ लिहिण्याआधी

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखिका पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात साड्यांच्या दुकानात कामाला आहेत. आठ वर्षं पूर्ण झाली. सुरुवातीला नुसत्या साड्या दाखवायच्या, आता बिलिंगही बघतात. दुकानात सोळा माणसं. पगार १७,५०० रुपये, त्यातले ११,००० बँकेत आणि ६,५०० हातात. नेमणुकीचं पत्र कधी मिळालेलं नाही. त्यांना पाचवा महिना चालू आहे, पहिलंच बाळंतपण. दुकानाच्या मालकांना सगळे ‘काका’ म्हणतात. २०२१ मध्ये वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी काकांनी रात्री अकरा वाजता ६०,००० रुपये काढून दिले होते. ते पुढे दरमहा २,००० प्रमाणे पगारातून वळते झाले. आता काका म्हणतात, ‘राजीनामा लिहून दे, बाळ दीड वर्षाचं झालं की परत ये. तुझी जागा कुठं जात नाही.’ सोबत बाळासाठी २५,००० रुपये देऊ केलेत आणि सहीसाठी टाइप केलेला कागदही दिलाय. एका मैत्रिणीने सांगितलं की सहा महिने पगारी रजा मिळते. सासूबाई म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं. ‘रजा मागितली तर मी कृतघ्न ठरेन का? बारशाला काका-काकूंना बोलवायचंय, ते आलेच नाहीत तर?’ असं त्या विचारतात.

प्रिय ताई,

आधी त्या कागदाचं बोलते, कारण बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, त्याला नाही. सही करू नका. काकांनी विचारलं तर ‘घरी वाचून घेते’ म्हणा. ते खोटंही नाही आणि उद्धटही नाही.

कागदातला मजकूर तुम्ही पत्रात उतरवून पाठवलात, हे फार चांगलं केलंत. ‘मी माझ्या घरगुती कारणास्तव स्वखुशीने नोकरीचा राजीनामा देत आहे. माझे दुकानाकडे कोणतेही येणे बाकी नाही.’ दोनच वाक्यं आहेत. मी बरीच वर्षं कामगार न्यायालयात वकिली केली, आणि हीच दोन वाक्यं इतक्या बायकांच्या सहीखाली पाहिली आहेत की आता ती मला पाठ आहेत. त्यांचा अर्थ एकदा नीट समजून घ्या. ‘घरगुती कारणास्तव’ म्हटलं की गरोदरपणाचा उल्लेख राहत नाही. ‘स्वखुशीने’ म्हटलं की जायला कुणी सांगितलं नव्हतं, असं होतं. आणि ‘येणे बाकी नाही’ म्हटलं की आठ वर्षांची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम, तुम्हाला मिळालीच, असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. कायद्याने मिळणाऱ्या पैशांवर असं पाणी सोडून घेतलं, तर ते कोर्टात सहसा टिकत नाही. पण ते टिकत नाही हे सिद्ध करायला तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन तारखांना यावं लागतं. त्या बायका मी पाहिल्या आहेत, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगते.

काकांनी हे कपटाने केलं असं मी म्हणत नाही. असे कागद बहुतेकदा हिशेब लिहिणारा माणूस करून देतो, आणि ‘असंच असतं’ म्हणून मालकही पुढे सरकवतात. तुमच्या काकांचं तसंच असेल. पण सही तुमची जाणार आहे.

आता मिठाचं. हा भाग तुमच्या मनात सगळ्यात जड आहे, म्हणून तो घाईने उरकत नाही.

रात्री अकरा वाजता कुणी साठ हजार काढून देतं, व्याज मागत नाही, कागद करून घेत नाही, ही मोठी गोष्ट आहे. बाबा आज आहेत, त्यात त्या पैशांचा वाटा आहे. ते विसरायला तुम्हाला कुणी सांगू नये, मी तर नाहीच सांगणार. पण त्याच पत्रात तुम्हीच लिहिलंय की दरमहा दोन हजार कापले गेले. साठ हजारांना तीस महिने लागतात. ते तीस महिने तुम्ही साडेपंधरा हजारांत घर चालवलंत आणि एकही हप्ता चुकवला नाहीत. म्हणजे पैसे फिटले. उरला तो ऋणानुबंध. तो राहू द्या, तो सुंदर आहे. फक्त तो फेडायचा कशाने, हा प्रश्न आहे. बाळंतपणाच्या रजेने फेडायचा म्हटलं, तर जे तुमच्या एकटीचं नाही, त्यात येणाऱ्या बाळाचाही वाटा आहे, ते तुम्ही परस्पर देऊन टाकताय.

आणि मीठ काय एकाच बाजूने खाल्लं जातं? लग्नसराईत सकाळी दहा ते रात्री नऊ उभं राहून, एकेका गिऱ्हाइकाला चाळीस-चाळीस साड्या उलगडून दाखवून घड्या घालणारी बाई त्या दुकानाला काही देतच असते. तुम्हीच लिहिलंय की ‘ताई आहेत का?’ असं विचारत माणसं दुकानात येतात.

आता तुमच्या पत्रातली अशी गोष्ट, जी तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिली आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. ‘पगारातून दर महिन्याला ८३ रुपये ईएसआयचे कापतात, कार्ड कपाटात पडून आहे, ते सरकारी दवाखान्यासाठी असतं असं ऐकलंय.’

ताई, ते कार्ड आजच कपाटातून काढा. बाळंतपणाची रजा म्हणजे सहा महिने काकांनी बसून पगार द्यायचा, असं तुम्ही धरून चालला आहात. बहुधा काकाही तसंच धरून चालले आहेत. तुमच्या बाबतीत तसं नाही. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना राज्य कामगार विमा, म्हणजेच ईएसआय, लागू होतो. पगाराच्या पाऊण टक्का तुमच्याकडून जातो आणि सव्वातीन टक्के मालकांकडून. बँकेत दाखवलेल्या ११,००० वर तुमचे ८३ आणि काकांचे ३५८. हे पैसे दर महिन्याला विमा महामंडळाकडे जमा होतात, आणि बाळंतपणात २६ आठवड्यांचं पूर्ण सरासरी वेतन हे महामंडळच थेट तुमच्या बँकखात्यात देतं. काकांच्या गल्ल्यातून त्यासाठी एक रुपयाही जात नाही. आधीच्या लागोपाठच्या दोन सहामाहींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी, एवढी अट आहे. तुम्ही तर एक महिनाही खंड पाडलेला नाही.

‘बाई घरी बसणार आणि खर्च मी का करायचा’ हा मालकांचा प्रश्न जुना आहे, आणि तो निव्वळ स्वार्थाचाही नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हाही तो निघाला होता. डॉ. आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, तेव्हा पैसे मात्र मालकांनीच द्यायचे ठरले. भार सगळ्यांत वाटून घ्यायची सोय पुढे १९४८ च्या कामगार विमा कायद्याने झाली. तुमचे ते ८३ रुपये म्हणजे ही सोय आहे. इतकी वर्षं तुम्ही ती विकत घेत आलात, आणि आता वापरायची वेळ आली तेव्हा राजीनामा द्यायला निघालात.

म्हणून पहिलं काम. कार्डावरचा विमा क्रमांक घेऊन महामंडळाच्या संकेतस्थळावर, किंवा जवळच्या शाखा कार्यालयात जाऊन, तुमची वर्गणी महिन्यागणिक भरली गेली आहे का ते बघा. पगारातून कापून पुढे भरली नसेल, तर तो मालकाचा गुन्हा आहे, पण तसं असेल असं आधीच धरून चालू नका. मग विमा दवाखान्यातून गरोदरपणाचा आणि अपेक्षित तारखेचा दाखला घ्या. तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात, उरलेले बाळंतपणानंतर. तुमच्या जागी मी असते, तर डॉक्टर आधी थांबायला सांगत नसतील तोवर काम करून जास्तीत जास्त आठवडे बाळासाठी ठेवले असते. पण ते तुमच्या तब्येतीवर ठरवा.

काम करत राहाल तोवर उभं राहण्याचं काय? अपेक्षित तारखेआधीच्या शेवटच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांतही रजेवर नसाल तेवढे दिवस, तुम्ही सांगितल्यावर जड काम किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम मालक देऊ शकत नाही. तुम्ही बिलिंग बघताच, म्हणजे खुर्ची आहे. त्या महिन्याची वाट कशाला बघायची, आतापासूनच बिलिंगवर बसवा म्हणून मागा. दुकानात बसणं म्हणजे आळस, असं आपल्याकडे का मानतात मला कळत नाही. केरळात कोळिकोडच्या साड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी नुसतं बसता यावं म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, आणि २०१८ साली तिथल्या दुकान कायद्यात बसण्याची सोय करणं मालकांवर बंधनकारक झालं. साडी विकायला उभंच राहावं लागतं, असं काही नाही.

राजीनाम्याने तुमचं आणखी एक नुकसान होतं. तुमची आठ वर्षं तुटतात. काका दीड वर्षांनी परत घेतीलही, मी त्यांच्या शब्दावर शंका घेत नाही. पण तोवर दुकान मुलाच्या हातात गेलं असेल, धंदा मंदावला असेल, तुमच्या जागी आलेली मुलगी चांगली निघाली असेल. त्यात कुणाचाच दोष नसेल. आणि परत घेतलं तरी नोकरी पहिल्या दिवसापासून मोजली जाईल. रजेवर गेलात, तर बाळंतपणाचे २६ आठवडे सलग नोकरीतच धरले जातात. बाळंतपणामुळे किंवा त्या रजेमुळे बाईला कामावरून काढणं बेकायदेशीर आहे.

आठ वर्षांची ग्रॅच्युइटी किती होते, तेही सांगते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला ती लागू आहे, आणि तुम्ही पाच वर्षं केव्हाच ओलांडलीत. महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, आणि मग वर्षांनी गुणायचं. १७,५०० वर सुमारे ८०,७६९ रुपये होतात, ११,००० वर सुमारे ५०,७६९. बरोबर तीस हजारांचा फरक, आणि तो सगळा त्या हातात मिळणाऱ्या ६,५०० चा. विम्याचंही तसंच आहे, तुम्हाला मिळणारं वेतन ११,००० वरच मोजलं जाईल, म्हणजे २६ आठवड्यांचे साधारण ६६ हजार. रोख दिलेला पगार कागदावर नसतो, आणि जो कागदावर नसतो तो अडचणीच्या वेळी उभा राहत नाही. रोखीचा पगार सोयीचा वाटणाऱ्या सगळ्याच वाचकांनी हे लक्षात घ्यावं. तुम्ही मात्र आता हा वाद रजेच्या मागणीत मिसळू नका. हातात मिळाल्याची नोंद वहीत किंवा मोबाइलवरच्या निरोपात असेल, तर ती जपून ठेवा. परत रुजू झाल्यावर पूर्ण पगार बँकेत जमा करायला सांगा. काकांना खरंच मदत करायची इच्छा असेल, तर बाळासाठी देऊ केलेले पंचवीस हजार कशाच्या बदल्यात नको, तसेच द्यावेत. रजेतल्या या घटीला त्यांचा चांगला हातभार लागेल.

नेमणुकीचं पत्र नाही म्हणून मी कागदोपत्री कुणीच नाही, असं तुम्ही लिहिलंत. तसं नाही. बँकेचं पासबुक, विमा क्रमांक, दुकानाच्या ग्रुपवरचे निरोप, यांतून तुमची नोकरी सिद्ध होते. पत्र देणं ही मालकाची जबाबदारी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत नेमणुकीचं पत्र देणं बंधनकारक आहे. जुना मातृत्व लाभ कायदाही आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे, सव्वीस आठवडे मात्र तेच राहिले. तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगून ठेवते. आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं, तर वरच्या तासांना दुप्पट दर लागतो. मधला जेवणाचा तास सोडला तरी तुमचे साठ तास होतात. हे आज काढायचं नाही, पण माहीत असू द्या.

एवढं सगळं सांगितलं, पण तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडलीच नाही. काका काय म्हणतात ते आहे, सासूबाईंचं आहे, मैत्रिणीचं आहे. तुम्हाला स्वतःला काय हवंय? सहा महिन्यांनी दुकानात परत जायचंय, की दीड वर्ष बाळाजवळ राहायचंय? दोन्ही उत्तरं चालतील. परत जायचं असेल, तर रस्ता वर सांगितलाच आहे. घरी राहायचं असेल, तरी आधी रजा घ्या, वेतन घ्या, सहा महिने बाळाला बघा, आणि मग मन तसंच राहिलं तर तेव्हा राजीनामा द्या, ग्रॅच्युइटी मागून. पाचव्या महिन्यात घेतलेला निर्णय बाळ कुशीत आल्यावर बदलतो, हे मी दोन्ही बाजूंनी होताना पाहिलंय. परत जाल, तेव्हा बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोनदा वेळ मिळायला हवा. तुमचं घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर आहे, म्हणजे हे जमण्यासारखं आहे.

काकांशी बोलायचं कसं? दुपारी तीनच्या सुमारास, गिऱ्हाईक कमी असताना, एकटीने. सोबत मैत्रीण नको, नवराही नको, नाहीतर त्यांना ते भांडण वाटेल. असं काहीसं म्हणता येईल : ‘काका, बाबांच्या वेळी तुम्ही उभे राहिलात ते मी जन्मभर विसरणार नाही. मला हे काम सोडायचं नाही. आपण दोघं जे ईएसआयचे पैसे भरतो ना, त्यातून मला सहा महिन्यांचं वेतन मिळतं, तुमच्यावर भार येत नाही. मला फक्त रजा हवी आहे. तोवर बिलिंग शिकवायला कुणाला तरी माझ्या हाताखाली द्या, मी तयार करून जाते.’ शेवटचं वाक्य विसरू नका. लग्नसराईत काउंटर कोण सांभाळणार, ही काकांची खरी धास्ती आहे, आणि ती रास्त आहे. नंतर त्याच दिवशी रजेचा साधा अर्ज लेखी द्या, कधीपासून हवी ते लिहा आणि एका प्रतीवर पोच घ्या. पोच द्यायला टाळलं, तर स्पीड पोस्टाने पाठवा.

आणि काका चिडले तर? नोकरीवरून काढतो म्हणाले तर? तोंडी बोलण्यावर घाबरून सही करू नका, एवढंच तेव्हा लक्षात ठेवा. जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिथे जायची वेळ तुमच्यावर येणार नाही, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं.

तुमच्यासारख्या इतरांसाठी थोडं. पगार २१,००० च्या वर असेल आणि विमा लागू नसेल, तर हेच २६ आठवड्यांचं वेतन मालकाने द्यायचं असतं. दुकानात किंवा कार्यालयात दहा माणसं हवीत, आणि तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. आधीची दोन मुलं असतील, तर २६ ऐवजी १२ आठवडे. गर्भपात झाला, तर सहा आठवडे. रोजंदारीवर आहे म्हणून लाभ नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हा लाभ त्यांनाही दिला आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बायकांपर्यंत मात्र ही पगारी रजा पोचत नाही. अंगणवाडीतून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे पाच हजार तेवढे मिळतात. हे अपुरं आहे. सकाळी आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईला बाळंतपणात पगार चालू ठेवावा, ही विनंती मी या सदरातून पूर्वीही केली आहे, आज पुन्हा करते.

बारशाचं राहिलं. काका-काकूंना आमंत्रण द्याच, आणि ते फोनवर नको, दोघांनी घरी जाऊन द्या. काका रुसलेले असले, तरी काकू येतील असं मला वाटतं. तुम्हाला सातव्या महिन्यात हिरवी साडी त्याच नेसवणार आहेत, असं तुम्हीच पत्राच्या शेवटी लिहिलंय.